आई घरी आहे

मॉस्को, १२ मार्च २००५

प्रिय नेल्या,

तुझं पत्र पोचलं. आईने विणलेले मोजेही पोचले. एक मोठा, एक छोटा, पण ऊब दोन्हीत सारखीच.

पस्तिशी गाठलीस, आता तरी काही कामधंदा आहे का, असं तू विचारलंयस. आहे. मागच्या महिन्यात मी मेट्रोच्या दाराशी कोरी पाटी हातात धरून उभा राहिलो. नुसता पांढरा पुठ्ठा. पोलीस आला.

"काय लिहिलंय यावर?"

"काही नाही."

"मग धरलीय कशाला?"

"तुम्हाला काय वाटतं, काय लिहिलं असेल?"

बिचारा लालबुंद झाला. मला चौकीवर नेलं, आणि तिथल्या साहेबाने अहवालात लिहिलं, 'नागरिक वाचता न येणारा मजकूर दाखवीत होता.' त्या अहवालाची नक्कल मी मागून घेतली आणि चौकटीत घालून लावली. हेच माझं काम. वस्तू घडवायची नाही. विचार असा मांडायचा की तो बघणाऱ्याच्या डोक्यात पुरा व्हावा. तू हसशील. आई तर म्हणालीच होती, "पाच वर्षं चित्रकलेच्या शाळेत घालवलीस, निदान एक घोडा तरी काढून दाखव."

तर ऐक. इथे एका बंद पडलेल्या पावाच्या कारखान्यात नवी गॅलरी निघालीय. तिथली बाई मला मोठा हॉल देतेय, एकट्याला. आणि मला काय मांडायचंय ते मी ठरवलंय. आईची खोली. अख्खी. दिवाण, भिंतभर कपाट, भिंतीवरचा गालिचा, शिवणयंत्र, टीव्ही आणि त्यावरचा क्रोशाचा रुमाल, पडदे, जमिनीवरचं लिनोलियमसुद्धा. लिस्वाच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला असताना तिने स्वतःच्या हाताने चेरीची चित्रं चिकटवलेली ती पातेलीही. पांढऱ्या भिंतींच्या मधोमध लिस्वातली एक खोली. नाव ठेवलंय 'आई घरी आहे'.

दोनच महिने लागतील. तोवर गॅलरी तिला नवं फर्निचर देईल. तू तिला समजाव. माझ्यापेक्षा तुझं ऐकते ती.

तुझा,
इग्नात


लिस्वा, २७ मार्च २००५

इग्नाशा,

तुला वेड लागलंय. माणूस म्हातारपणी आपल्या चार वस्तूंमध्ये वाट न चुकता फिरतो, आणि तू त्याच उचलून नेणार. रात्री चष्मा कुठे ठेवायचा हे तिला अंधारातही कळतं. नव्या घरात नाही कळायचं.

पण तुला मी समजावायची गरजच पडली नाही. तुझं पत्र वाचून संपायच्या आत ती उठून पडदे काढायला लागली. "मॉस्कोची माणसं बघणार, असे कळकट कसे पाठवू?" म्हणे. दिवाणाची स्प्रिंग वर आलीय म्हणून गादीवाल्याला बोलावणार होती. मी म्हटलं, तुझ्या लेकाला स्प्रिंग वर आलेलीच हवीय. तिला पटलं नाही. "लोक म्हणतील, मुलगा असून बाईला धड दिवाण नाही."

माझी एकच अट आहे. बटाटे काढायच्या आत सगळं परत यायला हवं. जसंच्या तसं. आमच्या शाळेत मुलांनी प्रयोगशाळेतून काही नेलं तर मी सही घेते. तुझी सही घेत नाही, भाऊ आहेस म्हणून.

नेल्या


मॉस्को, १९ जून २००५

नेल्या, नेल्या!

इथे काय घडलंय याची तुला कल्पना नाही. पहिल्या आठवड्यात लोक येत होते, बघत होते, "हो, आमच्या आजीकडेही असंच होतं," म्हणून वाइन प्यायला जात होते. ठीक चाललं होतं. नुसतं ठीक. मग शनिवारी आई आली.

तू तिला गाडीत बसवून दिलंस, मी स्टेशनवरून थेट गॅलरीत आणलं. हॉलमध्ये तुफान गर्दी. खोलीभोवती जाड दोरी लावलेली. आईने दोरीकडे बघितलं, स्कर्ट जरा उचलला आणि ती ओलांडून सरळ दिवाणावर जाऊन बसली. पिशवी मांडीवर. हॉलची राखण करणारी झिनाइदा दारावरून धावत आली.

"आजी, उठा! हात लावायचा नाही इथे!"

"अगं मुली, हा माझाच दिवाण आहे."

"सगळे असंच म्हणतात. उठा बघू."

"डाव्या बाजूला स्प्रिंग टोचते. बस, तुलाही टोचेल."

झिनाइदाने तिचा दंड धरला. आई मला शोधत होती. मी खांबापाशी होतो, पाच पावलांवर. आणि नेल्या, त्या क्षणी मी आयुष्यातलं सगळ्यात हुशारीचं काम केलं. मी काहीच केलं नाही. जागचा हललो नाही. आई झिनाइदाला म्हणाली, "बरं बाई, उठते, पण आधी तो रुमाल सरळ करू दे. कोणी तरी वाकडा घातलाय." तिने टीव्हीवरचा रुमाल सरळ केला आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत फोटो. आता आई रोज दुपारी तिथे बसते. दोरी काढून टाकलीय. लोक रांग लावून तिच्याशेजारी बसतात. प्रदर्शन शरद ऋतूपर्यंत वाढवलंय.

तू रागावशील, मला माहीत आहे. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी रस्त्यात ओळखलं.

इग्नात


लिस्वा, ४ सप्टेंबर २००५

इग्नात,

बटाटे मी एकटीने काढले. पाठ धरलीय, तरी लिहिते.

खांबापाशी उभा होतास, हे तू मला मोठ्या कौतुकाने कळवलंस. परक्या बाईने आईचा दंड धरला, ती तुला शोधत होती, आणि तू हुशारी केलीस. मी ते पत्र दोनदा वाचलं. वाटलं, कुठे तरी पुढे लिहिलं असेल की मग मी गेलो, तिचा हात धरला. नाही लिहिलेलं.

जत्रेत अस्वल नाचवतात तसं तू तिला बसवलंयस. इथे दुकानात बायका आईबद्दल विचारतात, "तुमची कापितोलिना मॉस्कोत नोकरीला लागली म्हणे? काय काम असतं?" मी काय सांगू? बसायचं काम?

तुमच्या गॅलरीचं फर्निचर आलं. पांढरं. काचेचं टेबल, त्याचा कोपरा पोटरीला लागतो. सोफा इतका खाली की आई बसली तर दोघांनी ओढून उठवावं लागेल. तिची खोली आता दातांच्या दवाखान्यासारखी दिसते.

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील. तिला पाठव. आणि सामान पाठव.

नेल्या


मॉस्को, २० नोव्हेंबर २००५

प्रिय नेल्या,

गोळ्या मी आणतो, काळजी करू नकोस.

तू मला चोर समजतेस. पण तू इथे येऊन बघ. तिला परत यायचं नाहीये. मी तीन वेळा विचारलं. लोकांशी बोलते ती, नेल्या! आपल्याशी कधी बोलली? आपल्याला 'जेवलास का, टोपी घाल' याशिवाय काय ऐकायला मिळालं? इथे परक्या माणसांना सांगते. बाबा एकदा हिवाळाभर कारखान्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या कुण्या बाईकडे राहायला गेले होते, हे तुला ठाऊक होतं? मी तेव्हा पाळण्यात होतो. वसंतात ते परत आले, आईने दार उघडलं, सूप वाढलं आणि त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. हे तिने एका विद्यार्थिनीला सांगितलं. ती पोरगी रडत होती, आई तिला क्रोशाचे टाके शिकवत होती. मी सगळं ध्वनिमुद्रित करतोय.

आणखी एक. व्हिएन्नाची एक संस्था 'आई घरी आहे' विकत घेतेय. कायमची, त्यांच्या संग्रहासाठी. माझ्या वयाच्या इथल्या कुणालाच हे मिळालेलं नाही. म्हणजे सामान आता परत येणार नाही. आईने कागदावर सही केलीय. पुढे तिने स्वतः लिहिलंय.

इग्नात

नेल्या बाळा, रागावू नको. त्याला हवं होतं म्हणून दिलं. वस्तूंचं काय. इथे हॉल गरम असतो आणि लोक ऐकतात. झिनाइदा फार चांगली आहे, तिला हृदयाचा त्रास आहे. सामान गेलं की मी येतेच घरी. काकड्यांच्या बरण्या बाल्कनीतून आत घे, थंडीने फुटतील. आई.


लिस्वा, १५ फेब्रुवारी २००९

इग्नात,

आई गेली. गुरुवारी बाबांच्या शेजारी पुरलं. जमीन इतकी गोठली होती की आधी शेकोटी पेटवून तापवावी लागली.

मॉस्कोहून आल्यावर त्या पांढऱ्या घरात ती एक हिवाळाही राहिली नाही, हे तुला माहीत आहे. मी तिला माझ्याकडे आणलं. ऑक्टोबरात तिला झटका आला, डावी बाजू गेली. हे तुला माहीत नाही. "त्याला कळवू नको, त्याचं प्रदर्शन आहे," म्हणाली. मी कळवलं नाही. तुझं प्रदर्शन कधी नसतं?

शेवटच्या सोमवारी मात्र मी फोन केला. तुझ्या हाताखालच्या मुलीने उचलला. "सर भिंतीची उंची ठरवतायत, नंतर करा," म्हणाली. मी नंतर केला नाही.

पुरून आल्यावरच्या जेवणाला शेजारचे आले होते. तू का आला नाहीस असं कोणी विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

नेल्या


बर्लिन, ३ मार्च २००९

नेल्या,

तू काय केलंस हे तुला कळतंय का? चार महिने! चार महिने ती आडवी होती आणि तू मला एक ओळ लिहिली नाहीस. तिने सांगितलं म्हणे. तिने सांगितलेलं सगळं तू कधीपासून ऐकायला लागलीस? तुला ती एकटीला हवी होती. मी तिला लोकांसमोर नेलं, त्याचा सूड तू बंद दाराआड घेतलास. माझी आई तू माझ्यापासून चोरलीस.

हे खोडणार होतो. नाही खोडत.

मी इथे एका थंड स्टुडिओत बसलोय. इथल्या एका कलासंस्थेने वर्षभरासाठी बोलावलंय. सगळ्यांना एकच हवंय. 'आईसारखं काही तरी करा ना.' मी 'वडील कामावर आहेत' केलं, भाड्याने आणलेल्या सामानाचं. लोक आले आणि विचारलं, "ती म्हातारी कुठाय?"

व्हिएन्नावाले तिचा आवाज जोडून नवी मांडणी करायची म्हणतात. रिकामा दिवाण आणि वर भोंग्यातून आई. माझ्याकडे खूप तास साठलेत. मी ऐकत बसतो. खोकते, मग म्हणते, "काय सांगत होते मी?" तेवढंच पुन्हा पुन्हा लावतो.

इग्नात


लिस्वा, ९ ऑक्टोबर २०१३

इग्नात,

चार वर्षं मी तुला लिहिलं नाही. आताही लिहिलं नसतं.

तुझी खोली इथे जवळच, पेर्म शहरातल्या प्रदर्शनात आली, हे तू कळवलं नाहीस, वर्तमानपत्राने कळवलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी उत्साहाने बस ठरवली. 'आपल्या नेल्याबाईंच्या भावाचं काम!' दोन वर्ग, सहा शिक्षक आणि मी. मी नवा ब्लाउज घातला होता, वेडी.

आत गेले. गालिचा आमचा नव्हता. मार्गदर्शक मुलगी म्हणाली, मूळचा कसरीने खाल्ला, ही हुबेहूब नक्कल. पातेल्यांवर काचेचा डबा. दिवाणाची स्प्रिंग म्हणे तज्ज्ञांनी 'वर आलेल्या स्थितीत' पक्की केलीय. मुलं हळूच हसत होती. मलाही हसू येत होतं. मग वरून आईचा आवाज आला.

किती वर्षांनी! मी भिंतीला हात टेकला. ती कुणाला तरी सांगत होती:

"मुलगी माझी फार चांगली. घर आरशासारखं ठेवते. पण तिच्याकडे चहा प्यायचा तर मी कप दोन्ही हातांनी धरते. सांडला तर काही बोलणार नाही ती. नुसती पुसेल. ते तिचं पुसणं मला बघवत नाही."

सगळ्यांनी ऐकलं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनीच बघितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी माझं कोपर धरलं, "चला, बाहेर हवा खाऊ." परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आता शिक्षकांच्या खोलीत चहा आला की कोणी तरी कप दोन्ही हातांनी धरतं, दुसरी खोकते, आणि मी वह्या तपासते.

मी तशी आहे. माहीत आहे मला. पण मी तिला चार महिने आंघोळ घातली, इग्नात. ज्या हाताने पुसलं त्याच हाताने. तुझ्या भोंग्यात ते नाही, कारण तेव्हा तू तिथे नव्हतास.

ते वाक्य काढ. बाकी सगळं ठेव. बाबांचंसुद्धा ठेव. तेवढं एक काढ. मी तुझ्याकडे स्वतःसाठी कधी काही मागितलेलं नाही.

नेल्या


मॉस्को, २ नोव्हेंबर २०१३

प्रिय नेल्या,

तू बसने जाशील हे माझ्या मनात आलं नव्हतं. खरंच.

पण काढता येणार नाही. मी प्रयत्न केला, काढून ऐकलं. मग उरते एक गोड म्हातारी. अशा म्हाताऱ्या चॉकलेटच्या डब्यावर असतात. त्या एका वाक्याने ती माणूस होते, आणि तूही होतेस. त्या कामातलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. लोक त्यापाशी थांबतात. परवा एका बाईने मला लिहिलं की ते ऐकून तिने मुलीला फोन केला.

कलावंताला आपल्या माणसांसाठी खरं कापायची मुभा नसते. एकदा कापलं की पुढे कापतच जावं लागतं. तुला हे क्रूर वाटेल. मला स्वतःला वाचवायचं असतं तर मी हे क्षेत्र निवडलंच नसतं.

तुझा भाऊ,
इग्नात


मॉस्को, १४ सप्टेंबर २०१९

प्रिय नेल्या,

तुझा पत्ता तोच आहे असं धरून लिहितोय. तू निवृत्त झालीस हे शेजाऱ्यांकडून कळलं.

माझं सांगतो. व्हिएन्नात नवे संचालक आले, त्यांनी खोली गोदामात टाकलीय. मी आठवड्यातून दोनदा तरुण पोरांना शिकवतो. मागच्या महिन्यात एका पोराने भर वर्गात विचारलं, "सर, तुमची आई नसती तर तुम्ही काय केलं असतं?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन विचार करत बसलो. त्या पाटीनंतर आणि आईच्या आधी मी काय होतो, आईनंतर काय झालो? लोक मला 'आईवाला' म्हणतात. तोंडावर म्हणतात.

पण एक चांगली बातमी आहे. पुढच्या वर्षी मला पन्नास होतात, म्हणून इथलं एक संग्रहालय माझं आजवरचं सगळं काम मांडणार आहे. खोली गोदामातून आणतायत. शेवटचं दालन मी मोकळं ठेवलंय. पूर्ण अंधार, आत काहीच नाही, फक्त एक वाक्य. आईने माझ्याबद्दल शेवटी जे म्हटलं ते. तुझ्या आवाजात. तू वाचायचं.

माझ्याकडे इतके तास आहेत, त्यांत ती तुझ्याबद्दल बोलते, बाबांबद्दल बोलते, झिनाइदाच्या हृदयाबद्दलही बोलते. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी यंत्र घेऊन समोर असायचो, म्हणून असेल. सगळं पुन्हा ऐकलं, दोनदा. नाही.

शेवटी तू होतीस. चार महिने. काही तरी म्हणाली असेल ना ती? वाईट असलं तरी चालेल. दालन नको असेल तर नको, नुसतं मला लिही. पण शक्यतो दालनासाठी. तिकीट पाठवतो, माझ्याकडेच उतर.

इग्नात


लिस्वा, ६ ऑक्टोबर २०१९

इग्नात,

तिकीट पाठवू नकोस.

तू विचारलंस म्हणून सांगते. हो, ती तुझ्याबद्दल बोलली. शेवटच्या रविवारी, सकाळी. मी तिची उशी बदलत होते. ऑक्टोबरपासून तिचे शब्द अर्धवट यायचे, मलाच जुळवून घ्यावे लागायचे. ते वाक्य मात्र सरळ आलं, आधी तुझं नाव घेऊन, एकही शब्द न अडखळता. मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसले. ती पुन्हा बोलली नाही. खोलीत तिसरं कोणी नव्हतं आणि यंत्रही नव्हतं.

दहा वर्षं ते माझ्यापाशी आहे. तू आला असतास तर त्याच दिवशी दारातच सांगितलं असतं. पेर्मच्या आधी कधीही विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. पेर्मनंतरसुद्धा, तू नुसतं 'मला लिही' इथेच थांबला असतास तर बहुतेक लिहिलं असतं. लिहायला बसलेही होते. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. 'पण शक्यतो दालनासाठी.'

म्हणून सांगत नाही. ते बरं होतं की वाईट, तेही सांगणार नाही. ते बरं असेल असं तुला वाटू देणार नाही, वाईट असेल असंही वाटू देणार नाही. शाळेत मी कुणाला खोटे गुण दिले नाहीत, म्हणून 'काही बोलली नाही' असं खोटंही लिहीत नाही. बोलली. तुझ्यासाठीच बोलली. आणि तिला वाटलं असणार की मी ते तुझ्यापर्यंत पोचवीन.

या एका बाबतीत मी तिचं ऐकलं नाही. याचा हिशोब मी तिच्याशीच करीन, तुझ्याशी नाही.

आता पत्र लिहू नकोस.

नेल्या